अनेकांची गणना, एक गोषवारा : समांतर संगणनातील एकत्रीकरण

ग्वाल्हेर शहरातील फूलबाग हे स्थान मराठी वाचकास अपरिचित नाही. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंना जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर येथे वीरमरण आले. त्यांची समाधी याच परिसरात आहे. शिंदे संस्थानाच्या काळात विकसित झालेल्या या उद्यानाच्या परिसरात गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज ही स्थाने एकमेकांच्या सान्निध्यात उभी आहेत. गांधी प्राणिउद्यानही येथेच आहे. जून महिन्यात राणीच्या बलिदानाचे स्मरण करण्यासाठी समाधीपाशी मेळा भरतो. अशा दिवशी माणसे निरनिराळ्या वाटांनी येतात, निरनिराळ्या ठिकाणी थांबतात आणि निरनिराळ्या वाटांनी परत जातात. कोणत्याही एका जागी उभे राहून एकाच माणसाला ही सारी गर्दी दिसणे शक्य नसते.

समजा, अशा एखाद्या दिवशी फूलबागेत सकाळच्या एका तासात किती लोक आले, याची मोजणी करावयाची आहे. त्यासाठी आठ वाटांवर आठ मोजणीदार नेमले. तास संपला तेव्हा त्यांच्या वह्यांत अनुक्रमे ४१२, ३६८, ९०५, १२७, ५४०, २३३, ७१९ आणि १९६ असे आकडे होते. (हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.) प्रत्येक मोजणीदाराने आपले काम चोख केले आहे. तरीही एकूण किती लोक आले, हे त्या आठांपैकी कोणालाही ठाऊक नाही. काम वाटून दिल्यामुळे ते एका तासात पुरे झाले हे खरे; परंतु उत्तरही आठ ठिकाणी वाटले गेले. ते एकत्र आणल्याशिवाय केलेल्या श्रमाचा उपयोग नाही.

समांतर संगणन या शास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाचे हेच स्वरूप आहे. एक मोठे गणित अनेक प्रोसेसरांना वाटून देता येते. मात्र त्यांच्याकडील अंशतः उत्तरांची गोळाबेरीज कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या नियमाने करावयाची, हे आधी ठरवावे लागते. या प्रश्नाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्वतंत्र स्मृतीचे संगणक

साधा संगणक आज्ञावलीतील आज्ञा एकामागून एक पार पाडतो. असा एकच संगणक अधिकाधिक वेगवान करीत नेण्यास मर्यादा आहेत, आणि वेगाबरोबर खर्चही वाढतो. यावर उपाय म्हणून अनेक साधे प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेण्याची कल्पना पुढे आली. भारतात बंगळूर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ मध्ये ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक तयार केला. अतिवेगवान संगणक परदेशांतून मिळविण्यात त्या काळी अडचणी येत होत्या. ते तंत्र देशातच विकसित व्हावे म्हणून १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच ‘सी-डॅक’, ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा संगणक सिद्ध केला. चौसष्ट ट्रान्सप्युटर जोडून तो उभारण्यात आला होता. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ ही समांतर संगणकांची मालिका याच सुमारास सुरू केली.

‘परम ८०००’ मधील ट्रान्सप्युटर हा एक स्वतंत्र प्रोसेसर होता. त्याची स्मृती त्याच्यापाशीच असे. शेजारच्या ट्रान्सप्युटरच्या स्मृतीत काय साठविले आहे, हे त्याला परस्पर पाहता येत नसे. ते संदेश पाठवूनच विचारावे लागे. फूलबागेतील मोजणीदारांची स्थिती नेमकी अशीच आहे. प्रत्येकाची वही स्वतंत्र आहे, आणि दुसऱ्याच्या वहीतील आकडा कळण्यासाठी कोणीतरी निरोप न्यावा लागतो. समांतर संगणकात निरोप नेण्यास लागणारा वेळ हा दोन संख्यांच्या बेरजेस लागणाऱ्या वेळापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. म्हणून गोळाबेरजेची पद्धत ठरविताना बेरजा किती कराव्या लागतील यापेक्षा निरोपांच्या किती फेऱ्या होतील, याचाच विचार आधी केला जातो.

जोडीजोडीने बेरीज

सर्वात सोपी पद्धत अशी की, एका मोजणीदाराला प्रमुख नेमावे आणि उरलेल्या सात जणांनी एकेक करून आपला आकडा त्याला सांगावा. या पद्धतीत प्रमुखाला सात वेळा निरोप ऐकावा लागतो आणि सात बेरजा कराव्या लागतात. मोजणीदार आठ असतील तोवर यात गैरसोय नाही. परंतु ते एक हजार चोवीस झाले, तर प्रमुखापुढे एक हजार तेवीस जणांची रांग उभी राहील. मोजणी संपलेली असूनही सारे जण एका माणसाच्या बेरजेसाठी खोळंबतील.

दुसरी पद्धत जोड्यांची आहे. पहिल्या फेरीत आठ जणांच्या चार जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीतील एकाने आपला आकडा दुसऱ्यास द्यावा आणि दुसऱ्याने तो आपल्या आकड्यात मिळवावा. वरील उदाहरणात पहिल्या फेरीअखेर ७८०, १०३२, ७७३ आणि ९१५ असे चार आकडे उरतात. दुसऱ्या फेरीत त्या चौघांच्या दोन जोड्या होऊन १८१२ आणि १६८८ हे आकडे येतात. तिसऱ्या फेरीत एकच बेरीज उरते आणि तिचे उत्तर ३५०० येते. बेरजा येथेही सातच झाल्या. परंतु त्यांतील बऱ्याचशा एकाच वेळी झाल्यामुळे सात फेऱ्यांचे काम तीन फेऱ्यांत आटोपले.

या पद्धतीचे खरे महत्त्व संख्या वाढल्यावर दिसून येते. प्रत्येक फेरीत उरलेल्यांची संख्या निम्मी होत जाते. त्यामुळे चौसष्ट प्रोसेसरांसाठी सहा आणि एक हजार चोवीस प्रोसेसरांसाठी केवळ दहा फेऱ्या पुरतात. प्रोसेसरांची संख्या दुप्पट झाली, तर फेरी एकच वाढते. या रचनेचे चित्र काढल्यास ते वृक्षासारखे दिसते. पाने म्हणजे मूळचे आकडे, फांद्या जेथे मिळतात ते सांधे म्हणजे मधल्या बेरजा, आणि खोड म्हणजे अंतिम उत्तर.

वृक्षाचा आकार यंत्राच्या बांधणीप्रमाणे बदलता येतो. ‘परम ८०००’ मधील ट्रान्सप्युटरला इतरांशी जोडण्यासाठी चार जोडण्या होत्या. त्यांतील एक वरच्या प्रोसेसरकडे आणि तीन खालच्या प्रोसेसरांकडे, अशी कल्पना केली तर पहिल्या पायरीवर ३, दुसरीवर ९ आणि तिसरीवर २७ प्रोसेसर बसतात. सर्वांत वरचा एक धरून ही संख्या चाळीस होते, आणि उरलेले चोवीस चौथ्या पायरीवर सहज सामावतात. अशा प्रकारे चार पायऱ्या चढून चौसष्ट आकड्यांची बेरीज शिखरास पोहोचू शकते.

महसूल प्रशासनाशी परिचित असलेल्या वाचकांस ही रचना नवी वाटणार नाही. गावाची माहिती तलाठ्याकडे, अनेक गावांची मंडळाकडे, मंडळांची तालुक्याकडे आणि तालुक्यांची जिल्ह्याकडे, असा प्रवास ती करीत असते. प्रत्येक पायरीवर खालच्या कागदांचा गोषवारा तयार होतो आणि वर केवळ तो गोषवाराच जातो. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक तलाठ्याचा कागद स्वतः वाचावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

क्रियेची निवड

एकत्रीकरण म्हणजे नेहमी बेरीजच असते, असे नाही. आठ वाटांपैकी सर्वाधिक गर्दी कोठे झाली, हे जाणून घ्यावयाचे असल्यास प्रत्येक जोडीने आपल्या दोन आकड्यांपैकी मोठा तेवढा पुढे पाठवावा. पहिल्या फेरीअखेर ४१२, ९०५, ५४० आणि ७१९, दुसरीअखेर ९०५ आणि ७१९, व तिसरीअखेर ९०५ हे उत्तर मिळते. याच रीतीने सर्वांत लहान आकडा काढता येतो. एखादी तरी वाट बंद आहे काय, किंवा सर्व वाटा खुल्या आहेत काय, अशा होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नांचीही उत्तरे मिळविता येतात. वृक्ष तोच राहतो; सांध्यावरची क्रिया तेवढी बदलते.

समांतर आज्ञावली लिहिणाऱ्यांना ही सोय तयार स्वरूपात उपलब्ध आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८९ मध्ये ‘पॅरलल व्हर्च्युअल मशीन’ या प्रणालीचे काम सुरू झाले. तिच्यात कार्यांचे गट करून त्या गटाची बेरीज, गुणाकार, महत्तम व लघुतम संख्या काढण्याची तरतूद पुढे करण्यात आली. १९९४ मध्ये ‘मेसेज पासिंग इंटरफेस’ अर्थात ‘एमपीआय’ हे सर्वसामान्य मानक प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या मोठ्या संगणकांवर ते रूढ झाले. त्यात एकत्रीकरणाचे उत्तर केवळ गटप्रमुखाला मिळावे की गटातील प्रत्येकाला मिळावे, यांसाठी स्वतंत्र आज्ञा आहेत. ही निवडही विचारपूर्वक करावी लागते. अहवाल तयार करावयाचा असेल, तर उत्तर एकाजवळ असणे पुरेसे होते. परंतु त्या उत्तरावरून प्रत्येकाने आपले पुढचे काम ठरवावयाचे असेल, तर ते सर्वांपर्यंत परत जाणे आवश्यक असते.

सर्वच क्रिया मात्र वृक्षावर चालत नाहीत. बेरजेत कोणत्या जोड्या आधी केल्या याने उत्तर बदलत नाही. वजाबाकीत ते बदलते. दहातून चार वजा करून मग तीन वजा केल्यास तीन उरतात. परंतु चारातून तीन आधी वजा करून आलेला एक दहातून वजा केला, तर नऊ उरतात. गट कसेही पाडले तरी उत्तर तेच येण्याच्या गुणास गणितात साहचर्य म्हणतात. ज्या क्रियेस हा गुण नाही, ती अनेकांत वाटून देता येत नाही.

सरासरीच्या बाबतीत ही चूक नकळत होते. एका तालुक्यात तीन पर्जन्यमापक असून त्यांची सरासरी ३० मिलिमीटर आहे; दुसऱ्यात नऊ पर्जन्यमापक असून त्यांची सरासरी १० मिलिमीटर आहे, असे समजू. या दोन सरासऱ्यांची सरासरी २० येते. प्रत्यक्षात बारा पर्जन्यमापकांवरील पावसाची बेरीज ९० अधिक ९० म्हणजे १८० मिलिमीटर असून तिची सरासरी १५ आहे. सरासरीची सरासरी घेतल्यामुळे पाच मिलिमीटरचा फरक पडला, आणि कोणीही बेरीज चुकविलेली नसताना तो पडला. उपाय सोपा आहे. प्रत्येकाने सरासरी न पाठविता एकूण पाऊस आणि मापकांची संख्या असे दोन आकडे पाठवावेत. दोन्हींची स्वतंत्र बेरीज होत जाईल आणि भागाकार शेवटी एकदाच करता येईल. सर्व आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या, म्हणजे मध्यक, काढणे याहून अवघड आहे. प्रत्येक गटाचा मध्यक वर पाठवून सर्वांचा मध्यक निघत नाही. त्यासाठी मूळ आकड्यांविषयी अधिक माहिती वर न्यावी लागते.

योग्य क्रिया निवडणे हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी समजली जाते. उदाहरणादाखल, एका तालुक्यातील सहा मंडळांत ८, १२, १०, ११२, ६ आणि १४ मिलिमीटर पाऊस पडला असे धरू. तालुक्याची सरासरी २७ मिलिमीटर येते. हा आकडा अचूक आहे, पण त्यात अतिवृष्टीचा मागमूसही नाही. ज्या मंडळात ११२ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेथील वाहून गेलेली शेते या आकड्यातून कोणास दिसावीत? तोच गोषवारा महत्तम आकड्याने केला असता, तर ११२ ही संख्या शिखरापर्यंत पोहोचली असती. आणि ६५ ची मर्यादा ओलांडणारी मंडळे किती, एवढे मोजले असते, तर एक हे उत्तर मिळाले असते. खालून वर काय पाठवावयाचे, यावर वरच्यास काय दिसेल हे अवलंबून असते. एकदा गाळलेली माहिती वरच्या पायरीवर पुन्हा निर्माण करता येत नाही.

पूर्णांक आणि दशांश

बेरजेस साहचर्याचा गुण आहे, असे वर म्हटले. कागदावरील बेरजेस तो निश्चितच आहे; संगणकातील बेरजेस तो नेहमी असतोच असे नाही. संगणक एखादी दशांश संख्या ठरावीक अंकांपर्यंतच साठवितो आणि उरलेला भाग जवळच्या अंकात सामावून घेतो. समजा, एखादे यंत्र केवळ तीन सार्थ अंक ठेवू शकते. त्यात १००० मध्ये ४ मिळविले, तर १००४ हे उत्तर तीन अंकांत मावत नाही. ते पुन्हा १००० च होते. त्यात आणखी ४ मिळविले, तरी १००० च राहतात. परंतु ४ आणि ४ यांची बेरीज आधी केली, तर ८ येतात. ते १००० मध्ये मिळविल्यास १००८ होतात आणि यंत्र त्यांची नोंद १०१० अशी करते. संख्या त्याच, क्रिया तीच; पण क्रम बदलताच उत्तर बदलले.

प्रत्यक्षातील संगणक तीन नव्हे, पंधरा-सोळा अंक ठेवतात. त्यामुळे फरक अतिसूक्ष्म असतो. तरी तो असतो. तीच आज्ञावली चौसष्टऐवजी एकशे अठ्ठावीस प्रोसेसरांवर चालविली, तर वृक्षाचा आकार बदलतो, बेरजांचा क्रम बदलतो आणि उत्तराचे शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात. बहुसंख्य कामांत याने काही बिघडत नाही. हवामानाच्या गणितात मात्र तसे म्हणता येत नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाचे एक छोटे गणित संगणकावर मध्यापासून पुन्हा चालविले. त्यासाठी यंत्रातील ०.५०६१२७ या संख्येऐवजी छापील कागदावरील ०.५०६ ही संख्या त्यांनी वापरली. थोड्याच वेळात नव्या गणितातील हवामान जुन्या गणितातील हवामानापासून पूर्णपणे निराळे झाले. सूक्ष्म फरक वाढत वाढत संपूर्ण चित्र बदलू शकतो, ही गोष्ट त्यातून पुढे आली.

या कारणाने हवामानाच्या आज्ञावली तयार करणाऱ्यांना दोन परस्परविरोधी गरजा सांभाळाव्या लागतात. वेगासाठी बेरीज कोणत्याही क्रमाने होऊ द्यावी, असे वाटते. तर पडताळणीसाठी तेच गणित पुन्हा केल्यावर अंकाअंकाने तेच उत्तर यावे, असे वाटते. आज्ञावलीत केलेल्या बदलामुळे उत्तर बदलले की केवळ बेरजेच्या क्रमामुळे बदलले, हे ओळखता आले नाही, तर चूक शोधणे दुरापास्त होते. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी बेरजेचा क्रम निश्चित करून टाकतात, किंवा बेरजेपुरते अधिक अंक राखून ठेवतात. त्यासाठी थोडा अधिक वेळ द्यावा लागतो.

गटाची शिस्त

एकत्रीकरणाचे यश गटातील प्रत्येक सदस्यावर अवलंबून असते. आठ मोजणीदारांपैकी एकानेही आपला आकडा दिला नाही, तर त्याच्या जोडीदाराला वाट पाहत राहावे लागते. त्या जोडीच्या उत्तराची वाट दुसरी जोडी पाहते, आणि अखेरीस प्रमुखही थांबून राहतो. समांतर आज्ञावलीत एखाद्या कार्याने एकत्रीकरणाची आज्ञा चुकून ओलांडली, तर नेमका हाच प्रसंग ओढवतो. यंत्र बिघडलेले नसते, दोषाची सूचनाही येत नाही. सारे प्रोसेसर केवळ एका न येणाऱ्या निरोपाची प्रतीक्षा करीत राहतात.

म्हणून काही नियम पाळावे लागतात. गटात कोण कोण आहे, हे आधी निश्चित असले पाहिजे. प्रमुख कोण, याविषयी सर्वांचे एकमत असले पाहिजे. सर्वांनी एकच क्रिया धरली पाहिजे. निम्म्यांनी बेरीज आणि निम्म्यांनी महत्तम संख्या काढली, तर येणाऱ्या उत्तरास अर्थ राहत नाही. प्रत्येकाने पाठवावयाच्या माहितीचा प्रकार आणि संख्याही सारखीच असावी लागते. शासकीय कार्यालयांत माहिती ठरावीक नमुन्यात मागविली जाते, त्याचे कारण यापेक्षा वेगळे नाही. नमुना एक असेल, तरच गोषवारा होऊ शकतो. शून्य आणि ‘माहिती नाही’ यांतील भेदही येथेच सांभाळावा लागतो. ज्या वाटेने कोणीच आले नाही, त्या वाटेच्या मोजणीदाराने शून्य कळविले पाहिजे. त्याने काहीच कळविले नाही, तर वाट रिकामी होती की मोजणीदारच जागेवर नव्हता, हे समजण्यास मार्ग उरत नाही.

दोन अडचणी याहूनही सूक्ष्म आहेत. पहिली दुबार मोजणीची. प्राणिउद्यान पाहून समाधीकडे आलेला माणूस दोन मोजणीदारांच्या वह्यांत नोंदला गेला, तर बेरीज बरोबर असूनही माणसांची संख्या चुकेल. संगणकात गणिताचे क्षेत्र अनेक प्रोसेसरांना वाटताना सीमेवरील बिंदू दोघांकडेही ठेवावे लागतात. ते बिंदू कोणाच्या हिशेबात धरावयाचे, हे ठरविले नाही, तर हीच चूक तेथेही होते. दुसरी अडचण वेळेची. या क्षणी परिसरात किती लोक आहेत, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर आलेल्यांच्या संख्येतून गेलेल्यांची संख्या वजा करावी लागते, आणि सर्व वाटांवरचे आकडे एकाच क्षणाचे असावे लागतात. एका वाटेचा आकडा नऊ वाजताचा आणि दुसरीचा साडेनऊचा असेल, तर त्यांतून निघणारी संख्या कोणत्याच वेळेची नसते. गर्दी धोकादायक मर्यादेकडे सरकत असताना अशा आकड्यावर विसंबून एखादी वाट खुली ठेवली, तर त्याचे परिणाम माणसांच्या जिवावर बेतू शकतात. मोजणीदार कितीही प्रामाणिक असले, तरी हा दोष त्यांच्या प्रामाणिकपणाने दूर होत नाही. तो पद्धतीतच दूर करावा लागतो. समांतर आज्ञावलीत यासाठी सर्व कार्ये एका ठरावीक टप्प्यावर थांबवितात आणि शेवटचे कार्य तेथे पोहोचल्यावरच सर्वांना पुढे जाऊ देतात.

रिचर्डसनचे सभागृह आणि पुण्याचा संगणक

विद्युत-संगणकाचा जन्म होण्यापूर्वीच या प्रश्नाचा विचार एका शास्त्रज्ञाने केला होता. ब्रिटिश गणिती लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवामानाचे अंकगणित करणाऱ्या एका विशाल सभागृहाची कल्पना मांडली. त्यात चौसष्ट हजार माणसे बसून पृथ्वीच्या आपापल्या भागाचे गणित करतील, शेजाऱ्यांचे आकडे पाहून आपले आकडे पुढे नेतील, आणि मध्यभागी उंच जागेवर उभा असलेला प्रमुख फार पुढे गेलेल्यांवर गुलाबी व मागे पडलेल्यांवर निळा प्रकाश टाकून सर्वांची गती सारखी राखील, असे ते चित्र होते. तयार होणारे उत्तर गोळा करण्यासाठी त्यांनी प्रमुखाजवळ चार ज्येष्ठ लिपिकांचीही योजना केली होती. गणित करणारी माणसे जितकी महत्त्वाची, तितकीच त्यांचा मेळ घालणारी व्यवस्थाही महत्त्वाची आहे, हे रिचर्डसन यांनी ओळखले होते.

आज ते काम यंत्रे करतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या गणनक्रिया. याच संस्थेने विकसित केलेली, सुमारे सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी पूर्वानुमान-पद्धती २०२५ मध्ये राष्ट्रास समर्पित करण्यात आली. अशा गणितात पृथ्वीचे वातावरण लहान लहान चौकटींत विभागून हजारो प्रोसेसरांना वाटलेले असते. प्रत्येकजण आपल्या चौकटींचे गणित करतो. आणि वेळोवेळी सर्वांना मिळून काही आकडे काढावे लागतात. एकूण हवेचे व बाष्पाचे प्रमाण गणितात कायम राहिले आहे काय, हे बेरजेने तपासतात. वाऱ्याचा सर्वाधिक वेग कोठे आहे, हे महत्तम संख्येने काढतात. कारण अनेक प्रतिमानांत त्यावरूनच पुढचे पाऊल किती मिनिटांचे टाकावयाचे, हे ठरते.

या एकत्रीकरणामुळेच समांतर संगणनाच्या वेगास एक मर्यादा पडते. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन आमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो एकूण वेगावर अंकुश ठेवतो. कामाचा विसावा हिस्सा एकानेच करावा लागत असेल, तर उरलेल्या कामासाठी कितीही प्रोसेसर लावले, तरी ते काम वीस पटींहून अधिक वेगाने होणार नाही. प्रोसेसर वाढवीत गेल्यास प्रत्येकाच्या वाट्याचे काम कमी होते; मात्र निरोपांच्या फेऱ्या कमी होत नाहीत, उलट हळूहळू वाढतात. एका मर्यादेनंतर नव्या प्रोसेसरांचा वेळ गणितापेक्षा वाट पाहण्यातच अधिक जातो.

म्हणून समांतर पद्धतीने करावयाच्या कोणत्याही कामाची आखणी शेवटाकडून करणे हितावह ठरते. अंतिम उत्तर कोणते हवे, ते कोणास हवे, त्यासाठी प्रत्येकाकडून कोणता आकडा वर यावा, तो कोणत्या क्रियेने एकत्र व्हावा आणि एखाद्याचा निरोप आला नाही तर काय करावे, हे आधी ठरले, तर काम वाटून देणे सोपे जाते. हे न ठरविता वाटून दिलेले काम वेगाने पुरे होते, पण उत्तर हाती येत नाही. किंवा आले, तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

फूलबागेतील आठ मोजणीदारांकडे पुन्हा पाहिल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. एकूण ३५०० लोक आले, हा आकडा त्यांच्यापैकी कोणीही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. एका वाटेने तासात ९०५ लोक आले, हे मात्र तेथे उभ्या असलेल्या मोजणीदाराने पाहिले आहे. बंदोबस्ताच्या दृष्टीने कदाचित ३५०० पेक्षा ९०५ हाच आकडा अधिक मोलाचा असेल. कारण गर्दी दाटते ती एखाद्या वाटेवर, एकूण बेरजेत नव्हे. तो आकडा योग्य वेळी योग्य माणसापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर त्याची वाट मोजणी सुरू होण्यापूर्वीच आखलेली असली पाहिजे.